मक्कलशूल आणि बाळंतकाढा

बाळंतिणीच्या आईने अथवा सासूने दवाखान्याच्या दारातूनच मागणी करावी आणि वैद्याने रुग्णेची विचारपूसही न करता पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या बाळंतकाढ्याच्या बाटल्या तिच्या हवाली कराव्यात, असा जणू शिरस्ताच आपल्या व्यवसायात पडून गेला आहे. काढ्याविषयी आमच्या मनात तिळमात्र अनादर नाही. परंतु दशमूळ व देवदार्व्यादि हे योग ज्या शास्त्राने आपल्या हाती दिले, त्याच शास्त्राने वेदनेचे स्थान व स्वरूप आधी जाणून घेण्याचा जो दंडक घालून दिला आहे, त्याचा विसर पडत चालल्याचे आम्हांस मनापासून दुःख होते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात मक्कलाचे वर्णन आले आहे, ते वैद्यबंधुभगिनींनी पुन्हा एकवार काढून वाचावे. प्रसूतेच्या रूक्ष झालेल्या शरीरात वायूने रक्त अडविले म्हणजे नाभीखाली, कुशीत किंवा बस्तीच्या ठिकाणी ग्रंथी उत्पन्न होते, सुयांनी टोचल्यासारखा शूल उठतो, पोट फुगते आणि मूत्र अडते, असे तेथे सांगून यवक्षार तुपातून वा कोमट पाण्यातून देण्याची आणि जुना गूळ त्रिकटूसह खाण्याची योजना दिली आहे. यातील मूत्रावरोधाचे लक्षण आम्हांस विशेष मोलाचे वाटते. गर्भाशय आकुंचन पावत पूर्वस्थितीस येऊ लागला म्हणजे या कळा येतात, पहिलटकरणीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या स्त्रीस त्या अधिक जाणवतात, आणि मूल अंगावर पिऊ लागताच ऑक्सिटोसिन स्रवून त्या अधिकच तीव्र होतात, हे आजची प्रसूतिविद्या सांगते. तुंबलेले मूत्राशय गर्भाशयास वर व एका बाजूस सारून त्या आकुंचनात व्यत्यय आणते, हेही तीच सांगते. म्हणून काढ्याची मात्रा ठरविण्यापूर्वी बाळंतिणीस लघवी मोकळी झाली की नाही, हे विचारलेच पाहिजे. पाजताना कळ येते म्हणून मुलास लवकर दूर करणाऱ्या मातेस त्या कळेचे कारण समजावून सांगणे आणि ती बहुधा आठवड्याच्या आत शमते असा धीर देणे, हेही वैद्याचेच काम होय.

चरकांनी सांगितलेला पोटास वस्त्र गुंडाळण्याचा उपचार आजही घरोघरी पोटपट्ट्याच्या रूपाने चालू आहे. परंतु शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रीच्या ताज्या टाक्यांवर तो आवळावा, किंवा तेथे तेल चोळून शेक द्यावा, हे कोणत्याही संहितेच्या आधारे समर्थनीय ठरणार नाही. दारेखिडक्या लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवण्याच्या चालीस तर आपण स्पष्ट शब्दांत मनाई केली पाहिजे, कारण त्या कोंडलेल्या हवेतील कार्बन मोनॉक्साइड मायलेकरांच्या जिवावर बेतू शकतो.

द्रव्यांची बाबही अशीच खातरजमेची आहे. बेल, टेटू, शिवण, पाडळ व ऐरण या पाच वृक्षांची मुळे खणली की वृक्षच जातो, त्यामुळे बाजारात मुळांऐवजी खोडाची साल सर्रास खपते. ती घ्यायची असल्यास साल म्हणूनच घ्यावी व तशी नोंद ठेवावी, म्हणजे गुण आला अथवा न आला तर तो कशाचा, हे तरी कळेल.

ज्वर, दुर्गंधी स्राव, एकाएकी वाढलेला रक्तस्राव, एकाच पोटरीस आलेली सूज, किंवा कमी होण्याऐवजी दिवसेंदिवस चढत जाणारी वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास काढ्याचा एक घोटही देण्यात वेळ न दवडता रुग्णेस तत्काळ रुग्णालयात पाठवावे. उरलेल्या, निखळ मक्कलाच्या रुग्णांची मात्र कितवी खेप, कळ कोठे व केव्हा, मूत्रप्रवृत्ती कशी, कोणते द्रव्य किती दिले आणि उपशम कितव्या दिवशी झाला, एवढा तपशील नावाविना लिहून आमच्याकडे धाडावा. ज्यांना उपशम पडला नाही त्यांचीही टिपणे आम्ही तितक्याच अगत्याने छापू.