अर्जांतील नांव

आमच्या भाटघरच्या धरणास एक नांव पुरलें नाहीं. वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पहिला बांध झाला, तेव्हां त्याच्या पाण्यास व्हाइटिंगसाहेबांचें नांव मिळालें. पुढें १९२८ सालीं नवें धरण पुरें झालें, तें मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. आज त्याच जलाशयास शिवकालीन वीर येसाजी कंक ह्यांचें नांव आहे. आणि भोर-वेल्ह्याकडील मनुष्य मात्र ह्या सर्वांस 'भाटघर' एवढेंच म्हणतो. धरणास चार नांवें असलीं तरी पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामतीकडे जावयाचें तें जातच राहतें. परंतु ह्याच पाण्याच्या कांठीं वाढलेल्या एखाद्या मुलाच्या नांवांत एका अक्षराचा फरक पडला, तर त्याची नोकरी अडते. परीक्षांचे निकाल लागले कीं घरोघर अर्ज भरण्याची धांदल सुरू होते. म्हणून ह्या महिन्यांत हाच विषय घेतला आहे.

पूर्वीं अर्ज म्हणजे फुलस्केप कागदावर वळणदार अक्षरांत लिहिलेलें एक विनयपूर्ण पत्र असे. तें कोणी तरी वाचीत असे, आणि अक्षर पाहून मुलाची परीक्षा करीत असे. आतां अर्ज संगणकाच्या पडद्यावर रकान्यांत भरावयाचा असतो, आणि यंत्रास विनय वाचतां येत नाहीं. २०२३ सालच्या तलाठी भरतींत ४,६४४ जागांसाठीं दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या वर्गास १,००० रुपये व राखीव वर्गास ९०० रुपये होतें. एवढ्या गर्दींत कोणा उमेदवाराच्या मनांत काय होतें हें विचारीत बसण्यास कोणास सवड असणार?

खरी मेख पुढेंच आहे. अर्ज भरतांना यंत्र बहुधा कांहींच हरकत घेत नाहीं. परीक्षा होते, गुणवत्तायादींत नांव लागतें, घरीं पेढे वाटले जातात. आणि त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी येते. वर्षभराच्या अभ्यासाचें फळ हातीं येण्याच्या वेळीं टेबलापलीकडील गृहस्थ विचारतात, "हा मनुष्य आणि हा मनुष्य एकच कशावरून?"

'ज्ञानेश्वर' ह्या नांवाचेंच पाहा. संस्कृतांत 'ज्ञ' म्हणजे ज् आणि ञ् ह्यांचा संयोग. महाराष्ट्रांत आपण त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतों, उत्तरेकडे तो 'ग्य' होतो, आणि गुजराथेंत 'ग्न'. मग शाळेंतील लेखनिकानें इंग्रजींत लिहितांना आरंभीं डी-एन-वाय घातलें, आधार कार्डाच्या वेळीं कोणी जी-वाय लिहिलें, आणि बँकेंतील कोणी विद्वानानें जे-एन पसंत केलें. तिघेही आपापल्या परीनें बरोबरच. पाणिनीस विचारलें असतें तर तो बँकेच्या बाजूनें उभा राहिला असता! परंतु यंत्राच्या लेखीं हे तीन निरनिराळे इसम आहेत. गेल्या वर्षीं पाण्यापलीकडच्या एका गांवचा पदवीधर मुलगा अर्ज भरण्यापूर्वीं आपली कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. पांच कागदांवर त्याच्या नांवाचीं तीन रूपें निघालीं. वडील म्हणाले, "गुरुजी, सगळे आपलेच कागद, कोण आक्षेप घेणार?" आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें कीं, जो कागद दहावीचा, तो धनी, बाकीचे सारे त्याचे चाकर. आधार कार्ड व बँकेचें पुस्तक दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणें दुरुस्त करून घेतलें, आणि मगच अर्ज भरला. आधारांतील नांव उभ्या आयुष्यांत दोनदांच बदलतां येतें व जन्मतारीख एकदांच. म्हणून तेथें घाईनें जाऊं नये.

घरांत नवी सून आलेली असेल तर आणखी जपावें. ताटांतील तांदुळांत अंगठीनें लिहिलेलें नांव गोड खरें, पण दहावीच्या गुणपत्रिकेस तें ठाऊक नसतें. सुनेनें अर्ज माहेरच्या, म्हणजे प्रमाणपत्रावरील, नांवानेंच भरावा. नांव बदललें आहे काय असा रकाना असेल तेथें तसें नमूद करावें. आणि विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रांतील प्रसिद्धीची प्रत तयार ठेवावी. सासूबाईंनीं ह्यांत मानापमान मानूं नये.

जन्मतारखेची कथा अशीच. खेड्यांतील जुन्या गुरुजींनीं पहिलीत नांव घालतांना पुष्कळ मुलांचा जन्म १ जूनचा करून टाकला, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. आई सांगते अमुक तिथि, पत्रिका सांगते अमुक नक्षत्र. केंद्रीय लोकसेवा आयोग मात्र शालान्त प्रमाणपत्रावरील तारीखच धरतो, आणि जन्मकुंडली व प्रतिज्ञापत्र चालणार नाहीं असें आपल्या जाहिरातींत स्पष्ट छापतो. पत्रिका लग्नाच्या वेळीं काढावी.

आर्थिक दुर्बल घटकांच्या दाखल्याविषयीं एकत्र कुटुंबांत फार गैरसमज आहे. २०१९ सालीं हें दहा टक्के आरक्षण आलें, तेव्हांपासून "आमचें मोठें घर, तीन भाऊ कमावते, आम्हांस कोठून मिळणार?" असें म्हणून पुष्कळ जण अर्जच करीत नाहींत. केंद्राच्या नियमाप्रमाणें कुटुंब म्हणजे उमेदवार, त्याचे आईबाप, अठरा वर्षांखालील भावंडें, आणि लग्न झालें असल्यास पतिपत्नी व अठरा वर्षांखालील मुलें. चुलत्यांचें उत्पन्न, चूल एक असली तरी, त्यांत धरीत नाहींत. वार्षिक उत्पन्न आठ लाखांखालीं हवें; शेतजमीन पांच एकर किंवा अधिक असल्यास मात्र अडचण येते. केंद्राचा नमुना निराळा व राज्याचा निराळा, आणि दाखल्यावरील तारीख जाहिरातींत सांगितलेल्या मुदतींतलीच हवी. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सेतु केंद्राकडे धांवून उपयोग होत नाहीं.

शिरवळच्या कारखान्यांत किंवा पुण्याच्या कचेऱ्यांत खाजगी नोकरीसाठीं अर्ज करावयाचा असेल तर एक पान पुरे. त्यांत दुसऱ्याच्या कागदावरून उतरलेलीं भारी विशेषणें नकोत. काय शिकलों व काय करतां येतें एवढें लिहावें.

सर्वांत वाईट खोड म्हणजे अर्ज दुकानदारावर सोपवून मोकळें होणें. तो घाईंत असतो, त्याच्यापुढें दहा मुलें उभीं असतात. कित्येकदां तो आपलाच दूरध्वनि क्रमांक व आपलाच ई-मेल पत्ता घालून देतो. मग परीक्षेचें बोलावणें त्याच्याकडे जातें आणि मुलगा घरीं वाट पाहत बसतो. "वरील माहिती खरी आहे" ह्या ओळीपुढें खूण मुलाच्या नांवानें होते, दुकानदाराच्या नव्हे. यंत्र दुकानांतील असो, पण शेजारीं बसून प्रत्येक रकाना स्वतः वाचावा. त्याआधीं एका संध्याकाळीं घरच्या वडील मंडळींनीं मूळ कागद मोठ्यानें वाचावे आणि मुलानें कोऱ्या कागदावर सारा अर्ज एकदां हातानें लिहून काढावा. शेवटच्या तारखेच्या रात्रीं हें साधत नाहीं. भरलेल्या अर्जाची छापील प्रत आणि पैसे भरल्याची पावती एकत्र टांचून ठेवावी. देवघराच्या कोनाड्यांत ठेवली तरी चालेल, पण वर्षानें मागितली तर सांपडली पाहिजे.