शब्दांची उठाठेव : बडदास्त

दिवाळी आली की एका जुन्या शब्दाला पुन्हा बरे दिवस येतात. दिवाळसणाला जावईबापू येतात, आणि सारे घर त्यांची ‘बडदास्त’ ठेवण्यात गुंतते.

हा शब्द मूळचा फारसी. ‘बर्दाश्तन्’ म्हणजे उचलणे, पेलणे. हिंदी-उर्दूत त्याचा ‘बर्दाश्त’ झाला आणि अर्थ राहिला सोसण्याचा. मराठीत तो ‘बरदास्त’ होऊन आला. माणसांचा शिधा, जनावरांची दाणावैरण, मुक्कामाची सोय, या साऱ्याची तजवीज म्हणजे बरदास्त. पुढे ‘र’चा ‘ड’ झाला आणि आपली ‘बडदास्त’ तयार झाली.

वर्गात हे सांगत होतो, तेव्हा हिंदी घरातला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, तुमच्याकडे पाहुण्यांची बडदास्त ठेवतात, आमच्याकडे पाहुण्यांना बर्दाश्त करतात!” वर्ग हसला, पण पोराने नेमके बोट ठेवले होते. एकाची बडदास्त ती दुसऱ्याची बर्दाश्त!

कुमाऊँच्या डोंगराळ मुलुखात हे फार कडवटपणे अनुभवास आले. इंग्रजी अमलात साहेब दौऱ्यावर निघाला की गावकऱ्यांनी त्याचे ओझे वाहायचे आणि त्याला दूध, धान्य, लाकूडफाटा पुरवायचा. या पुरवठ्याला तिकडे नाव होते ‘बर्दायश’. कोणी किती राबायचे याच्या नोंदवह्या गावोगाव असत. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्या वह्या शरयू नदीत बुडवल्या. १९५० साली आपल्या राज्यघटनेने तेविसाव्या कलमान्वये वेठबिगारीच निषिद्ध ठरवली.

घरात अर्थातच अशी वही नसते. पाहुणा प्रेमाचा असतो आणि राबणेही प्रेमाचेच असते. पण नोंद नसली म्हणून ओझे हलके होत नाही. पहाटे चकल्यांच्या घाण्यापाशी बसलेली आणि रात्री सर्वांच्या मागून जेवणारी गृहिणी ‘पुरे झाले’ म्हणत नाही, एवढ्यावरून तिला काहीच सोसावे लागत नाही असे आपण धरून चालतो.

तेव्हा वाचकहो, जावईबापूंची बडदास्त यंदाही जरूर ठेवा. फक्त मूळ शब्दात ‘पेलणे’ आहे, हे ध्यानात असू द्या. जे ओझे पेलायचेच आहे, त्याला चार हात अधिक लागले तर पाहुणचारात काही उणे पडत नाही. ते हात खुद्द जावईबापूंचे असले, तर सासूबाई आधी संकोचतील. मग जन्मभर कौतुकाने सांगत राहतील.