उपचार संपले, पुढे काय?

कर्करोगाच्या रुग्णाच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो, की शेवटचे सलाइन उतरते आणि 'आता तीन महिन्यांनी दाखवावयास या' असे सांगून डॉक्टर त्याला निरोप देतात. घरच्यांना वाटते, संकट टळले. रुग्णाला मात्र त्याच दिवशी एकाकीपण गाठते. उरतो तो थकवा, बधिर झालेली बोटे, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजणारा हात किंवा तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर पुरता न उघडणारा जबडा; आणि प्रत्येक बारीकसारीक दुखण्यासरशी 'तो परत तर आला नाही ना?' ही धास्ती.

ही उणीव नवी नाही. अमेरिकेतील 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने २००५ साली आपल्या अहवालात तिच्यावर बोट ठेवले आणि प्रत्येक रुग्णाला पुढील देखभालीची लेखी योजना द्यावी, अशी शिफारस केली. परंतु नुसत्या कागदाने काम भागते काय?

या प्रश्नाचे एक ठोस उत्तर २०२५ साली मिळाले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर एक दीर्घकालीन चाचणी झाली. शस्त्रक्रिया व औषधोपचार पूर्ण झालेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना आहार-व्यायामाची माहितीपत्रके देण्यात आली. उरलेल्यांना पत्रकांबरोबर एक मार्गदर्शकही मिळाला. तीन वर्षे तो ठरावीक अंतराने भेटत होता, झेपेल असा व्यायाम आखून देत होता, अडचणी ऐकत होता. आठ वर्षांनंतर पहिल्या गटातील सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते, तर दुसऱ्या गटातील ९० टक्के. स्नायू व सांध्यांच्या तक्रारी दुसऱ्या गटात अधिक आढळल्या, हेही नमूद केले पाहिजे. जाणत्या देखरेखीची गरज त्यातूनच स्पष्ट होते.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडील तोंडाच्या वा स्तनाच्या कर्करोगाला लावता येणार नाहीत. पण त्यातील बोध दुर्लक्षिण्याजोगा नाही. चालावे, तंबाखू सोडावी, हे कोणाला ठाऊक नसते? उणीव असते ती उपदेश अमलात येईपर्यंत सोबत करणाऱ्या माणसाची.

भारतात २०२२ या एका वर्षात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले, असा अंदाज आहे. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून देशभरातून रुग्ण येत आले आहेत. उपचार संपताच ते आपापल्या गावी परततात. तेथे त्यांना कोण विचारतो? महात्मा फुले योजना असो वा आयुष्मान भारत, सरकारी योजनांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. लाखो रुपये खर्चून वाचविलेला जीव दारापाशी सोडून यंत्रणा माघारी फिरते.

हे काम करण्यासाठी नवे मनोरे उभारावयास नकोत. जबड्याचे व हाताचे व्यायाम करून घेणे, तपासणीची तारीख चुकू न देणे, धोक्याची लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे धाडणे, हे प्रशिक्षित परिचारिका करू शकेल; गावात आशा सेविका तिच्या मदतीला येऊ शकेल. मात्र आधीच वाकलेल्या आशांच्या पाठीवर विनामोबदला आणखी एक ओझे लादणे, ही सुधारणा नव्हे.

दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. मार्गदर्शक हा डॉक्टरचा पर्याय नव्हे. अन्यथा चमत्कारी आहाराचे दुकान थाटणाऱ्यांचे फावेल. आणि रोग उलटलाच, तर 'तू व्यायाम केला नाहीस' असा ठपका रुग्णावर येता कामा नये. आधाराचे रूपांतर आरोपात झाले, तर तो आधार कसला?

रुग्ण वाचला, एवढ्याने वैद्यकाचे कर्तव्य संपत नाही. तो पुन्हा उभा राहून चालू लागेपर्यंत त्याचा हात कोणी धरावयाचा, हे आता ठरविले पाहिजे.