काटा म्हणतो अर्धी आहे

आमच्या बोटीची टाकी रिकामी झाली तेव्हा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता.

जागा चेसापीक बे, मेरिलँड. बे ब्रिजच्या थोडं दक्षिणेला, बाल्टिमोरला जाणाऱ्या मोठ्या जहाजांच्या वाटेच्या पश्चिमेला. बोटीत मी, बायको, सहा वर्षांची लेक आणि चिपळूणहून उन्हाळ्यापुरते आलेले बाबा. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. वारा पश्चिमेचा, म्हणजे बोट हळूहळू जहाजांच्या वाटेकडेच सरकायला लागली. मी नांगर टाकला, पण घाईत दोर कमी सोडला आणि नांगर तळावरून घसरत राहिला. (पाण्याच्या खोलीच्या सातपट दोर सोडावा असा नियम आहे. 20 फूट पाणी असेल तर 140 फूट. मला तो तोंडपाठ होता. पाठ असणं आणि त्या क्षणी आठवणं यांत फरक असतो.) दुसऱ्यांदा नांगर धरला. मग व्हीएचएफच्या 16 नंबर चॅनेलवर हाक, आणि बोट ओढून नेणाऱ्याची तासभर वाट. दरम्यान एक कंटेनर जहाज शेजारून गेलं. लेकीने त्याला हात केला. बायको माझ्याशी बोलत नव्हती.

बाबा तेवढ्यात एकदा म्हणाले, "काटा म्हणतो अर्धी आहे. तू काय म्हणतोस?"

मी काय म्हणणार! माझी डॉक्टरेट सेन्सर्सवर आहे. लॅबमध्ये नवीन सेन्सर आला की माहीत असलेल्या मापांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याचा एक आकडा मी वहीत लिहीत नाही. आणि इथे, स्वतःची मुलगी बोटीत असताना, जुन्या मालकाने कधीतरी बसवलेल्या एका काट्यावर मी दोन उन्हाळे भरवसा ठेवला. तोही न तपासता. आम्ही दर वेळी निघण्याआधी टाकी भरायचो म्हणून तो उघडा पडला नव्हता, इतकंच. त्या दिवशी पंपावर रांग होती आणि काटा अर्ध्यावर होता, म्हणून तसेच निघालो.

धक्क्यावर परत आल्यावर मात्र वेगळंच ऐकायला मिळालं. मेकॅनिक म्हणाला, बोटींचे काटे खोटंच बोलतात, सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या बोटवाल्याने तर ते कौतुकाने सांगितलं, घरातल्या वात्रट पोराबद्दल सांगावं तसं. मला हे अजिबात पटत नाही. काटा नसेल तर माणूस सावध राहतो, हिशोब ठेवतो. खोटा काटा त्याला निर्धास्त करतो. दुरुस्तीचा सुटा भाग साध्या हॉटेलातल्या चौघांच्या जेवणापेक्षा स्वस्त आहे. तरी लोक वर्षानुवर्षं 'असायचंच' म्हणून सोडून देतात.

तर हा भाग म्हणजे सेंडर. टाकीच्या वर एक गोल झाकण, त्याखाली आत लोंबणारी दांडी, दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. फ्लोट वरखाली होतो तसा विजेचा रोध बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना 240 ओहम आणि भरलेली असताना 33. एवढंच. स्कूटरमध्ये हे नसेल तर झाकण उघडून बघता येतं, पण बोटीत टाकी डेकखाली गाडलेली आणि पेट्रोल ओतायची नळी वाकडीतिकडी असते. बाबांनी सुचवलं तशी काडी घालून बघायची सोय नाही. म्हणजे त्या काट्याशिवाय दुसरा साक्षीदारच नाही.

आधी दोष कुठे ते पाहिलं. सेंडरकडून येणारी गुलाबी वायर डॅशबोर्डच्या मागून, म्हणजे टाकीपासून लांब, काढली. काटा शून्यावर. तीच वायरची जागा ग्राउंडला टेकवली. काटा फुल्ल. म्हणजे काटा ठीक आहे, त्याला खबर देणारा खोटा आहे. मग सेंडर मल्टिमीटरने मोजला: साधारण 100 ओहम, टाकी कोरडी असताना. हा अर्ध्या टाकीचा आकडा.

पुढचं काम अवघड नाही, पण सावकाश करायचं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. बॅटरी सोडवली, डेकवरची सगळी झाकणं उघडली आणि अर्धा दिवस वारा खेळू दिला. टाकी ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेसचे, त्यांत खारी हवा. पाचपैकी दोन स्क्रू गंजून असे बसले होते की हलेनात. ड्रिल तिथे चालवायचं नाही, ठिणगी नको. दोन दिवस थोडं थोडं तेल सोडत राहिलो आणि हाताने फिरवत राहिलो. बाबा टॉर्च धरून बसले होते. (बॅटरीवरची बंद पेटीतली टॉर्च, झाकण उघडायच्या आधीच लावलेली.) सुट्टीवर आलेल्या माणसाला हे काम दिल्याबद्दल बायकोने मला ऐकवलं, पण मला वाटतं त्या तीन महिन्यांतले त्यांचे सगळ्यात आनंदाचे दोन दिवस तेच असावेत.

सेंडर बाहेर आला आणि कारण दिसलं. दांडी या टाकीसाठी लांब होती. ती खाली येताना पेट्रोल ओढणाऱ्या नळीवर टेकायची आणि तिथेच थांबायची. दांडीवर घासल्याची चकचकीत खूण होती. टाकी भरली की फ्लोट बरोबर वर जायचा, अर्ध्यापर्यंत बरोबर खाली यायचा, आणि पुढे कितीही पेट्रोल संपलं तरी तिथेच. बिघडलेला नव्हताच तो. बसवणाऱ्याने टाकीची खोली मोजली नव्हती.

नवीन घेतला तो दांडीचा नाही, सरळ नळीचा. स्टेनलेसची उभी नळी, आत ओळीने छोटे रीड स्विच, बाहेर लोहचुंबक असलेला फ्लोट नळीवर वरखाली सरकतो. कुठे अडकायला जागाच नाही. टाकीची खोली तीनदा मोजून तळापासून जरा वर राहील असा मागवला. बसवण्याआधी घरी जेवणाच्या टेबलावर मल्टिमीटर लावला. फ्लोट खाली 240, वर 33. लेकीने तो तीस-चाळीस वेळा वरखाली केला, त्यामुळे चाचणी भरपूर झाली. बसवताना नवीन नायट्राइल गॅस्केट (साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, ते लावू नका), आणि पाच भोकं सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे झाकण एकाच बाजूने बसतं. ज्याने हे ठरवलं त्याला माझा नमस्कार.

मग जे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. कॅनने पाच-पाच गॅलन ओतत गेलो आणि काटा कुठे येतो ते लिहीत गेलो. सेंडर उंची मोजतो, पेट्रोल नाही. आमची टाकी बोटीच्या तळासारखी खाली निमुळती, त्यामुळे 40 गॅलनच्या टाकीत काटा अर्ध्यावर येतो तेव्हा 16 गॅलन असतात आणि पाववर 6. खरा बोलणारा काटासुद्धा तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नसतो! आता काट्याशेजारी गॅलनचे आकडे लिहिलेली पट्टी चिकटवली आहे. शिवाय एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव हा बोटवाल्यांचा जुना नियम पाळतो.

राखीव म्हटल्यावर बाबांची चेतक आठवली. तिला पेट्रोलचा काटा नव्हताच. सीटखाली एक कॉक होता, चालू, रिझर्व्ह, बंद. कुंभार्ली घाटात गाडी फुरफुरली की बाबा खाली न बघता तो फिरवायचे आणि म्हणायचे, रिझर्व्हला लागली. टाकीत दोन तोंडं, एक उंचावर, एक तळाशी. उंचावरचं कोरडं पडलं की गाडी स्वतःच सांगते. वायर नाही, ओहम नाही, खोटं बोलायला काही शिल्लकच नाही. माझ्या मते सामान्य माणसासाठी इंधन मोजण्याचं याच्याइतकं प्रामाणिक यंत्र झालं नाही, आणि बोटीत ते नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

असो. शेजारचा बोटवाला ती पट्टी बघून हसला होता. परवा त्याच्या बोटीचा काटा तपासायला मल्टिमीटर घेऊन गेलो. त्याची बोट युरोपातली. तिकडची पद्धत उलटी: रिकामी 10 ओहम, भरलेली 180. मी पूर्वी हे फक्त आकड्यांचा फरक समजत होतो. पण समुद्रावर वायरी गंजतात, जोड सुटतात, म्हणजे रोध वाढतो. अमेरिकन काटा अशा वेळी रिकामी दाखवतो, उगाच घाबरवतो, पण घरी आणतो. युरोपियन काटा नेमका उलट वागतो. ज्याने ही दिशा निवडली त्याने बिघाडाचा विचार केला नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याला दाखवायला म्हणून सेंडरची वायर डॅशबोर्डच्या मागून काढली. काटा उठला आणि फुल्लच्याही पुढे जाऊन टेकला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, हा गेले दोन महिने असाच फुल्लवर आहे, मला वाटलं नवीन इंजिन पेट्रोल कमी खातंय.

शनिवारी त्याची टाकी उघडणार आहोत.