छोट्या सागरी टाकीत कोणता एंजल?

धरणगावात शोभेचे मासे विकणाऱ्या बंधूंनी आधी एक ध्यानात घ्यावे. गोड्या पाण्यातला एंजल वेगळा, समुद्री ड्वॉर्फ एंजल वेगळा. नावाच्या घोळात गिऱ्हाईक फसू नये. टाकीही २०० लिटरपेक्षा लहान नको.

आमची पसंती कोरल ब्यूटीला. वाढून १० सेंटिमीटरच्या आसपास, आणि काटक. फ्लेम एंजल लालबुंद खरा, पण प्रशांत महासागरातून येणारा, महाग. पहिल्याच सौद्यात भांडवल त्यात अडकवू नये. एका टाकीत एकच सोडावा, दोन सोडले की मारामारी. खाताना पाहिल्याशिवाय मासा उचलू नये.

तो प्रवाळ कुरतडतो अशी तक्रार असते. पण आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 'सगळेच विकतात' म्हणणाऱ्याचे ऐकू नये. माल तर जातोच, वर तुरुंग. साधे दगड रचावेत, त्यांवरचे शेवाळ तो दिवसभर टिपतो. मग तक्रारच उरत नाही.

खानदेशात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, टाकीला २५-२६ अंश लागतात. चिलरचा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा, वीज गेल्यावर हवेचा पंप कशावर चालेल तेही विचारावे. झेपत नसेल तर त्याला गोड्या पाण्याची टाकी द्यावी.