गिळलेल्या इन्सुलिनचा हिशेब

‘इंजेक्शनला रामराम, आता इन्सुलिनची गोळी’ ही बातमी दर थोड्या दिवसांनी नव्याने छापून येते. हल्ली तिला ‘नॅनो’ची जोड असते. संशोधन खोटं नसतं, पण एक आकडा हटकून गाळलेला असतो. शंभर युनिट गिळली, तर रक्तात किती उतरली?

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. जठरातलं आम्ल, पेप्सिन आणि पुढे आतड्यातलं ट्रिप्सिन त्याचे तुकडे पाडतात. वरणातलं प्रथिन आणि महागडं औषध त्यांना सारखंच. त्यातून वाचलेलं चिकट श्लेष्म्यात अडकतं. त्याखालच्या पेशी एकमेकींना इतक्या खेटून असतात, की एवढा मोठा रेणू मधून निसटत नाही. म्हणून शे-दोनशे नॅनोमीटरच्या कणांत इन्सुलिन कोंडायचं. कण कधी लिपिडचे, कधी कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढलेल्या कायटोसानचे. कायटोसान पेशींमधले सांधे थोडा वेळ सैल करतं. पण मागण्या परस्परविरोधी आहेत. श्लेष्म्यातून जाताना कण बुळबुळीत हवा, पेशीपाशी चिकट. आम्लात घट्ट, पलीकडे सैल. उंदरांत हे जमतं. माणसात गाडी अडते.

नाद सोडवत नाही, त्यालाही कारण आहे. आतड्यातून शोषलेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं, स्वादुपिंडातून येतं तसंच. कातडीखाली टोचलेल्याला ही वाट मिळत नाही.

नॅनोकण न वापरता, शोषण वाढवणारं रसायन घालून नोव्हो नॉर्डिस्कने इन्सुलिनची गोळी बनवली होती. २०१९मध्ये चाचणीचे निकाल आले: टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांत आठ आठवडे साखर ग्लार्जिन या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनच्या इंजेक्शनइतकीच ताब्यात राहिली. तरीही कंपनीने काम थांबवलं, कारण त्यासाठी गोळीत इतकं इन्सुलिन भरावं लागत होतं की मोठ्या प्रमाणावर उत्पादन परवडणारं नव्हतं.

मग सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या दुसऱ्या औषधाची गोळी कशी चालते? तिथेही नासाडी प्रचंडच. इंजेक्शन आठवड्याला १ मिलिग्रॅम, तर गोळी रोज १४, म्हणजे आठवड्याला ९८. पण ते औषध रक्तात बरेच दिवस रेंगाळतं. आज कमी, उद्या जास्त शोषलं तरी भरपाई होते. इन्सुलिनला ही सवलत नाही. नेहमीपेक्षा जास्त उतरलं, तर रुग्ण हायपोत जातो, म्हणजे त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते.

त्यामुळे नॅनोवाल्यांना माझे दोनच प्रश्न असतात: माणसात किती टक्के पोहोचतं, आणि एकाच माणसात रोज तेवढंच पोहोचतं का? उंदरांचे आलेख दाखवून ही उत्तरं मिळत नाहीत. गोळी येणारच आहे म्हणून इन्सुलिन सुरू करणं लांबवणारे रुग्ण मात्र मिळतात, आणि त्यांची साखर तोवर डोळे, मूत्रपिंडं पोखरत असते. पेनची सुई आता ४ मिलिमीटरची मिळते. डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर ती आजच घ्यावी.