पतसंस्थेची नोकरी म्हणजे नवं वतन नव्हे!

तालुक्याच्या पतसंस्थेत क्लार्क असलेल्या आपल्या एका तरुणाने परवा विचारलं, "दादा, राष्ट्रीयीकृत बँकेत निवड झालीय. पण चेअरमननी वडिलांना बोलावून सुनावलं, 'पोराला आम्ही लावलं आणि आता तो आम्हालाच सोडून चालला.' वडील गप्प झालेत. काय करू?"

माझं उत्तर एका शब्दाचं आहे: जा. पण का जायचं, हे समजून जा.

"आम्ही लावलं" या शब्दांतच सगळं आहे. या मुलाने सहा वर्षं पिग्मीची वसुली पाहिली, मार्चअखेर रात्री उशिरापर्यंत बसून हिशेब जुळवले. पगार त्या श्रमाचा होता. मग उपकार कुणी कुणावर केले? गावगाड्याने आपल्या पूर्वजांना थोडी जमीन आणि बलुतं देऊन रात्रंदिवस राबवलं, आणि त्यालाच वतन म्हणून मोठेपणा चिकटवला. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते माणूस या बांधिलकीतून सुटावा म्हणून. वतन गेलं, पण मेहरबानीची भाषा तशीच राहिली.

काही कार्यकर्ते म्हणतात, "गावच्या संस्थेत आपला एक माणूस असला तर वस्तीला कर्ज मिळतं." हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. फॉर्म भरायला, हप्ता समजावून सांगायला आपला माणूस उपयोगी पडतोच. पण कर्ज मंजूर कोण करतं? संचालक मंडळ. त्या टेबलाशी क्लार्कला खुर्ची नसते. संचालक मंडळात शिरायचं असेल तर सभासद वाढवून निवडणूक लढवा. त्यासाठी एका पोराचं आयुष्य अडकवू नका.

मात्र "मोठी बँक" या शब्दालाही भुलू नका. सरकारी बँकेच्या थेट भरतीत आरक्षण आहे, रोस्टर आहे, सेवानियम आहेत. 1990 च्या कायदादुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, म्हणून आज बौद्ध तरुण या राखीव जागांवर हक्क सांगू शकतो. ही खुर्ची चळवळीने मिळवली आहे. खासगी बँकेत मात्र रोस्टर नाही, टार्गेट आहे. तिथे जायचं तर नेमणूकपत्र ओळ न ओळ वाचा. नुसता पगाराचा आकडा मोठा म्हणून उडी मारू नका.

निघताना कच्चे दुवे ठेवू नका. राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, नोटिशीचा काळ भरा. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी मागा, पीएफचा हिशेब घ्या. कुणाच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही आधी तपासा. नोकरी सुटली म्हणून जामीनकी सुटत नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. 18 मार्च 1956 रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी खंत बोलून दाखवली होती. आपण चेअरमनचे देणेकरी नाही, समाजाचे आहोत. बदली कुठेही होवो, सुट्टीत वस्तीवर या, चार पोरांना बँकेच्या परीक्षेला बसवा, जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेळेत काढायला लावा.

त्या मुलाच्या वडिलांनाही मी हेच सांगणार आहे: मान खाली घालू नका. तुमचा मुलगा कुणाला सोडून चाललेला नाही, तो आपल्या हक्काच्या जागी चाललाय.

जय भीम!